शर्यतीच्या बोटीत मिथेनॉल कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेतील ग्रँड प्रिक्स वर्गाच्या हायड्रोप्लेन (पाण्यावर जेमतेम टेकून धावणाऱ्या) बोटींत मिथेनॉल हे अल्कोहोल इंधन म्हणून वापरतात. त्यात पेट्रोलच्या निम्म्याहून कमी ऊर्जा असताना वेग कसा मिळतो?

उत्तर : किलोमागे ऊर्जा कमी, हे खरे, परंतु एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर मिथेनॉलला अवघी 6.4 किलो पुरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन जाळता येते. शिवाय बाष्पीभवन होताना ते सुपरचार्जरने (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाने) दाबून तापवलेली हवा गार करते, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण. टाकी अर्थातच लवकर रिकामी होते. खरी धास्ती ज्वाळेची, कारण भर उन्हात ती दिसतच नाही. शर्यतीनंतर इंधननळ्या धुवाव्या लागतात, कारण मिथेनॉल पाणी शोषते आणि ॲल्युमिनियमला खाते.