सुप्याच्या बाजारात रोखे का जाळले?

प्रश्न : जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडीतले दोन कागद सापडले, त्यांचे फोटो पाठवत आहे. आमचे खापरपणजोबा १८७५ च्या सुप्याच्या दंग्यात, सावकारांविरुद्धच्या उठावात, होते, असं घरात सांगतात. त्या लोकांनी सावकाराला सोडून कागदच का जाळले? त्याचा काही उपयोग झाला का? दुसरी गोष्ट अशी की चुलतभावाला चार लाखांची नड आहे. गावातला एकजण म्हणतो, "एक एकराचं खरेदीखत करून दे. पैसे फिटले की जमीन परत तुझ्या नावावर करून देतो." यात धोका आहे का?
— एक वाचक, ता. दौंड

उत्तर : माझी चाळीस वर्षं दस्त लिहिण्यात गेली. मोडी आजोबांनी शिकवली. तुमचे फोटो मोठे करून तीनदा वाचले, आणि दुसरा कागद वाचून झाल्यावर उठून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

पहिला रोखा, म्हणजे कर्ज घेतल्याचा कागद, शके १७९३ च्या वैशाखातला, म्हणजे १८७१ सालचा. मुद्दल चाळीस रुपये, व्याज दरमहा दर शेकडा दोन, मुदत तीन वर्षं. सहीच्या जागी नांगराचं छोटं चित्र आहे आणि बाजूला दुसऱ्याच्या अक्षरात 'निशाणी नांगराची' असं लिहिलंय. लिहिता न येणारा कुणबी अशीच निशाणी करायचा. दुसरा रोखा शके १७९६ चा. माणूस तोच, निशाणी तीच, रक्कम मात्र शहात्तर रुपये चार आणे. चाळीस रुपयांवर दर वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवत गेलं, तर तीन वर्षांनी हाच आकडा येतो. तरी कागदावर शब्द आहेत 'रोख घेतले'. त्या दिवशी त्यांच्या हातात एक पैसाही पडलेला नव्हता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. इंग्रज सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला. रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही आणि कुणबी वाचेल, असा हेतू होता. सावकाराने तो उलटा फिरवला. तीन वर्षं भरत आली की व्याज मुद्दलात घालून नवा रोखा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही दामदुपटीची जुनी रीतही त्यात बुडाली, कारण दामदुपट मोजायची ती नव्या आकड्यापासून. दिवाणी कोर्ट पाहणार फक्त कागद. कुणबी तारखेला पोचला नाही तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल. सावकाराचं बळ त्याच्या वहीत होतं, हे त्या लोकांना पुरतं कळलेलं होतं.

पण नुसत्या सावकाराकडे बोट दाखवून थांबू नका. सारा, म्हणजे सरकारचा जमीनमहसूल, रोखीत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा, पीक येवो न येवो. त्यासाठीच तर कुणबी सावकाराच्या ओट्यावर जायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराने हात आखडता घेतला. नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपल्याने साऱ्याची फेरआकारणी आली. ती १८६७ मध्ये इंदापुरापासून सुरू झाली, आणि वाढ कुठे निम्म्याने, कुठे दुपटीपर्यंत.

ठिणगी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी पडली. डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने हुकूमनामा आणून बाबासाहेब देशमुखांचं घर घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून कुणी माल घेईना, न्हावी, परीट, सुतार, सगळ्या बलुतेदारांनी त्यांची कामं सोडली. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या भर बाजारात लोक जमले. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे, आज बारामती तालुक्यात. वह्या आणि रोखे मागितले आणि तिथेच होळी केली. धान्याची दुकानं लुटली, काही घरं पेटवली, हेही खरं. पण जिथे कागद मुकाट्याने हाती आले तिथे सहसा माणसाला इजा झाली नाही. लोण नगर जिल्ह्यात गेलं, तीसहून जास्त गावं उठली.

उपयोग झाला, पण अर्धाच. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७८ मध्ये त्याचा अहवाल विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. साऱ्याचा बोजा हे दंग्याचं कारण नाही, असं त्यात म्हटलंय. मला ते कधीच पटलेलं नाही. दरम्यान १८७६ चा दुष्काळ येऊन माणसं मेली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यापुरता. कर्जापायी होणारी कैद थांबली, आणि कोर्टाला रोख्यामागचा जुना हिशेब उकरायचा अधिकार मिळाला. शहात्तरामागचे चाळीस आता दिसणार होते. यावर सावकाराने शोधलेली वाट म्हणजे रोखा नको, गहाण नको, सरळ खरेदीखत.

तुमच्या चुलतभावाला आज तोच कागद पुढे केला जातोय. असे दस्त मी स्वतः लिहिलेत, 'मोबदला रोख पावला' हे शब्द माझ्या अक्षरात आहेत, आणि त्यातल्या तीन घरांची जमीन परत आली नाही, हे मी विसरू शकत नाही. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. तोंडी शब्द सातबाऱ्यावर चढत नाही. भावाला सही करू देऊ नका. सोसायटी, बँक, नाहीतर परवानाधारक सावकार पाहा. आधीच कुणी फसलं असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा होता हे सिद्ध झालं, तर ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देववू शकतात. त्यालाही मुदत असते, उशीर करू नका.

आता एक काम करा. पहिला रोखा नवा करताना परत मिळाला असेल. दुसरा मात्र सावकाराच्या पेटीत असायला हवा होता, तो तुमच्या पेटीत कसा? कर्ज फिटलं असेल तर पाठीवर 'भरून पावलो' असं लिहिलेलं असेल. तुम्ही पाठीचा फोटो पाठवलेला नाही. कागद हलक्या हाताने उलटा, चिकटपट्टी लावू नका, आणि पाठ कोरी आहे का तेवढं कळवा.