आधी खडू, मग छिन्नी

प्रश्न : आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारत २००४ सालची. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला दिवाळीपासून ओल आहे. खालच्या दीड फुटात पोपडे सुटलेत, कपाटाच्या मागच्या प्लायला कुबट वास येतो. एक प्लंबर म्हणतो, सगळी लाइन बदला. दुसरा म्हणतो, बाथरूम उखडून वॉटरप्रूफिंग करा. कुणाचं ऐकू?
— एक वाचिका, चिंचवड

ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांनीही भिंत बघितली आणि आपापल्या हाताला जे काम येतं ते सांगितलं. पाणी कधी येतं, हे कुणी विचारलंच नाही.

मी १९८९ साली डोंबिवलीत हेल्पर म्हणून लागलो. तेव्हा सगळं जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचं काम, आटे पाडायचे, सुतळी आणि सफेदा लावून सॉकेट कसायचे. माझे मेस्त्री छिन्नी हातात घेण्याआधी घरातल्या बाईंना चार प्रश्न विचारायचे. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा. पुढे स्वतःची कामं घ्यायला लागलो आणि मुलुंडच्या एका घरात, असेच डाग बघून, गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाभोवतीच्या ११ टाइल्स फोडल्या. आतला पाइप ठणठणीत कोरडा. मी घाम पुसत बसलेलो, तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "तो टॉवेलचा रॉड लावल्यापासूनच हे सुरू झालंय बघ." रॉडचा एक स्क्रू काढला तर भोकातून सुईएवढी धार माझ्या चष्म्यावर. ड्रिल पाइपात गेलं होतं, पण स्क्रूच बुचासारखा बसल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. पाच महिने थेंब थेंब भिंतीत जात होता. टाइल्स मी पदरचे पैसे घालून लावून दिल्या, पण तो रंग बाजारात मिळेना. आजही तिथे ११ टाइल्स वेगळ्या दिसतात. तर पहिला प्रश्न तुम्हालाही हाच : दिवाळीच्या आधी त्या भिंतीवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी, काही ठोकलं का? आरसा, गीझरचं ब्रॅकेट, कपाटाचे क्लॅम्प?

तसं काही नसेल तर पेन्सिल घ्या. ओल जिथे संपते ती रेघ भिंतीवर आखा, शेजारी तारीख लिहा. दर चार दिवसांनी नवी रेघ. गावाला जाणार असाल तर फारच छान. घर बंद असतानाही रेघ पुढे सरकली तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपवर. तो पाइप चोवीस तास भरलेला असतो. घरात माणसं असताना, आंघोळी-धुण्याच्या दिवसांतच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), सांडपाण्याचा पाइप किंवा लादीखालचं वॉटरप्रूफिंग बघायचं. फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर बाहेरची भिंत. मात्र भिंत फार सावकाश बोलते. गळती थांबली तरी प्लास्टर वाळायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून 'काल कॉक बंद केला, आज ओल तशीच आहे' यावरून काही ठरवू नका.

डागाची उंचीही बघा. तुमच्याकडे खालचा दीड फूट आहे. मिक्सरचा जोड साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतो. तो गळत असता तर ओल तिथून खाली ओघळल्यासारखी दिसली असती. पायथ्याशी सरळ पट्टा आणि वर पांढरा लोणा असेल तर बाथरूमच्या सन्कमध्ये, म्हणजे लादीखालच्या विटांच्या कोब्यात पाणी साठून भिंत ते वर ओढते आहे, असा माझा अंदाज. अंदाज फक्त, कारण खालून जाणारा नळाचा पाइप फुटला तरी असंच दिसतं. म्हणून दोन्ही तपासा.

नळाची लाइन तपासायला रात्री सगळं आटोपल्यावर मेन कॉक बंद करा. तो डक्टमध्ये, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीत असेल, किंवा गच्चीवर. सकाळी कॉक बंदच ठेवून वॉशबेसिनचा नळ हळूच उघडा. लाइन घट्ट असेल तर कोंडलेलं पाणी पहिल्या क्षणी जोरात उडतं आणि थांबतं. काहीच न उडता नळाने हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर रात्रभरात पाणी कुठेतरी गेलं. यात एक खोड आहे. जुना गेट कॉक नीट बंद होत नाही, मग पाणी मागून भरत राहतं आणि गळकी लाइनही चांगली वाटते. शंका असेल तर प्लंबरला हातपंप आणायला सांगा. सगळी तोंडं बुचांनी बंद करून, पंपाने दाब चढवून अर्धा तास काटा बघायचा. काटा उतरला की गळती आहे. टाकी १० मीटर उंचावर असेल तर नळाशी दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम १ किलो असतो, त्यामुळे २००४ च्या लाइनला तीन किलो पुष्कळ झाले. जास्त ताणलं तर चांगला जोडही सुटेल आणि मग प्लंबर त्याचंही बिल लावेल. गरम पाण्याची लाइन वेगळी तपासायची झाली तर गीझरच्या खालचे दोन्ही अँगल कॉक बंद करून पंप त्या बाजूला लावायचा.

लाइन पास झाली तर सन्क. नहाणीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं फडकं घट्ट बसवा, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरा, पातळीवर खडूची रेघ मारा. चोवीस तास कुणी आत जायचं नाही. थोडंसं पाणी उडून जातं, ते सोडा. पण बोटभर उतरलं तर लादीच्या सांध्यांतून खाली चाललंय. पातळी जागच्या जागी राहिली तर फडकं काढून नहाणीत खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी सोडा. खालच्या मजल्यावर, किंवा सन्कचा स्पाउट, म्हणजे त्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी, डक्टमध्ये निघत असेल तर तिथे, रंग दिसला की ट्रॅपचा जोड सुटलाय. ते दुरुस्त करायला नहाणीभोवतीची दोन फूट लादी पुरते. अख्खं बाथरूम नाही.

प्रश्न : रात्री अकराला आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी भरलेली असते, पहाटे पाचला चार इंच उतरलेली. रात्री कोण एवढं पाणी वापरतं? टँकर मागवून मागवून कंटाळलोय.
— एक सेक्रेटरी, नाशिक

कुणी वापरत नाही, फ्लश टँक वापरतात. आतला रबर वॉशर कडक झाला की पाणी कमोडमध्ये सरकत राहतं, आवाज न करता. प्रत्येक घरी झोपताना फ्लश टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाकायला सांगा, फ्लश न करता. अर्ध्या तासाने कमोडमधलं पाणी रंगलं तर वॉशर बदला. होळीचा रंग नको, भांड्यावर डाग पडतो. मोजून सांगतो : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास. नळ थेंबाथेंबाने गळून टाकी चार इंच उतरत नाही. फ्लश टँकची बारीक धार मात्र उतरवते, आणि तीस घरांत अशा पाच-सहा असल्या की झालंच. सगळीकडे कमोडमधलं पाणी कोरं राहिलं तर एका रात्री टाकीचे उतरणारे सगळे कॉक बंद करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते आहे, किंवा एखादा कॉक नीट बंद होत नाही.

प्रश्न : थर्मल कॅमेऱ्याने गळती शोधणाऱ्यांनी सात हजार सांगितलेत. द्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओली जागा बाष्पीभवनाने गार पडते म्हणून ती वेगळी उमटते. गरम लाइन फुटली असेल तर तो छान कामाला येतो. फक्त त्यांना आधी दहा मिनिटं गरम पाणी सोडून मग फोटो काढायला सांगा. दमट दिवसांत किंवा भिंत सगळीच भिजलेली असेल तर रंगीत चित्र मिळतं, उत्तर नाही. वरचे साधे प्रयोग आधी करा. बहुतेकांचे सात हजार वाचतात.

प्रश्न : माझ्या बाथरूमच्या छताला वरच्यांच्या बाथरूमचं पाणी येतं. ते दारच उघडत नाहीत.
— एक वाचक, कल्याण

भांडणात मी तरबेज नाही, पण एवढं सांगतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाची, बाहेरच्या पाइपची आणि गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घराच्या आतली, संडास-बाथरूम-सिंकची, ज्याच्या घरातली त्याने. तेव्हा तक्रार तोंडी नको, सोसायटीला लेखी द्या आणि तपासणी कमिटीसमोर होऊ द्या. वरच्यांनाही सांगा की आधी फक्त लाल पाणी टाकायचंय, फोडाफोड नाही. दार न उघडण्यामागे बहुधा फोडाफोडीचीच भीती असते. तुमच्या छतावर रंग उतरला की कमिटीसमोरच फोटो काढा, त्यावर तारीख आणि वेळ दिसू द्या. आणि छताचा रंगारी तोवर बोलावू नका. गेल्या वर्षी एकांनी आधी रंगवलं, मग मला बोलावलं.