पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन आणि शोधनिबंध लिहायला कसं शिकवावं? दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल का?

दोन दिवसांत प्रमाणपत्रं वाटून होतात. लिहायला कुणी शिकत नाही.

हे मी चिडून म्हणतेय हे मान्य. विद्यार्थिनी असताना मी अशा तीन कार्यशाळा केल्या होत्या आणि तिन्हींची प्रमाणपत्रं फाइलला लावून व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, गेले होते. त्या व्हायवात माझी जी शोभा झाली ती आधी सांगते.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, शांत गृहस्थ होते. अर्धा-पाऊण तास त्यांनी सौम्य प्रश्न विचारले, मग प्रबंधाची शेवटची पानं उलटली आणि संदर्भसूचीतल्या एका नोंदीवर पेन्सिल टेकवली.

"हा लेख वाचलाय तुम्ही?"

"हो सर."

"पान २११ पासून?"

"हो सर."

त्यांनी बॅगेतून त्याच लेखाची झेरॉक्स काढून माझ्यापुढे सरकवली. लेख ११२ व्या पानावर सुरू होत होता. "हा अंक १९० पानांत संपतो," ते म्हणाले. "२११ वं पान तुम्हाला कुठे मिळालं?"

मिळालं होतं दुसऱ्याच कुणाच्या तरी शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत. तिथे आकड्यांची उलटापालट झाली होती आणि मी ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती. पान चुकलं हे एक वेळ चालून गेलं असतं. पण पुढचा प्रश्न आला, "बरं, लेखाच्या शेवटी लेखक काय म्हणतात?" मला काय ठाऊक! लेखक म्हणत होते की हा अभ्यास ३४ प्रौढांवर केलाय, शाळकरी मुलांबद्दल यावरून काहीही म्हणता येणार नाही. आणि माझं अख्खं दुसरं प्रकरण शाळकरी मुलांवर होतं, त्याच लेखाच्या खांद्यावर उभं.

शेजारच्या खुर्चीत माझे गाईड बसले होते. ते पंख्याकडे बघत होते.

डिग्री मिळाली. दुरुस्त्या करून द्या म्हणाले, दिल्या. पण घरी येऊन मी प्रबंधाची जुनी कच्ची प्रत काढली आणि गाईड सरांनी त्यात काय काय लिहिलंय ते शोधत बसले. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी हिरव्या शाईत, "छान. पुढे चालू द्या." बाकी प्रकरणांवर नुसती सही. २४० पानांवर चार शब्द. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. मी वाचलं नव्हतं आणि वाचलंय म्हणून सांगितलं. पण तीन वर्षांत एकदाही कुणी "हे वाक्य कशावरून लिहिलंस?" असं विचारलं असतं, तर ती वेळ आली नसती.

असं करणारी मी एकटी नाही हे बऱ्याच उशिरा कळलं. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली छापलेल्या लेखात भौतिकशास्त्रातला १९७३ चा एक गाजलेला शोधनिबंध घेतला होता. त्याचे तोवर ४३०० उल्लेख झाले होते. त्यातल्या १९६ ठिकाणी संदर्भ चुकीचा छापला होता, पण वेगवेगळ्या अशा चुका भरल्या फक्त ४५. बाकी सगळ्या एकमेकांच्या उतरवलेल्या. पान क्रमांकाची एकच चूक तर ७८ वेळा आली होती. यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेख वाचतात. अंदाजच आहे तो, पण माझ्यापुरता तरी तंतोतंत खरा.

यावर कुणी म्हणेल, पान चुकलं म्हणून कुणाचं काय बिघडतं? त्यासाठी मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगते. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची नोंद बघता अफूवर्गातल्या वेदनाशामकांचं व्यसन क्वचितच लागतं, एवढंच त्यात होतं. २०१७ साली त्याच नियतकालिकात कुणीतरी हिशेब मांडला, तर त्या पत्राचे ६०८ उल्लेख निघाले आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लेखकांनी हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते, ही गोष्टच गाळली होती. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही तेच लागू, असं लोक धरून चालले. पाच वाक्यं होती हो. वाचायला एक मिनिट लागलं असतं.

आता तुमचा प्रश्न, म्हणजे शिकवायचं कसं.

लिहायला लावा. पहिल्या आठवड्यापासून, दर आठवड्याला एक पान. आणि ते पान समोर बसवून, ओळीवर बोट ठेवून वाचा. याहून मोठी युक्ती माझ्याकडे नाही.

याच मुद्द्यावर माझं आणि सरांचं वाजलेलं आहे. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले. अभ्यासक्रमाच्या बैठकीत मी साप्ताहिक लेखनाचा तास मागितला, तेव्हा सर म्हणाले, "लिहिणं शिकवता येत नाही. ज्याला येतं त्याला येतं. मुलांना आधी वर्षभर नीट वाचू दे, लिहायचं शेवटी बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर वाचणारी मुलं काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेलच. पीडीएफ साठवतात. शे-दीडशे फायली, पिवळ्या रंगाने माखलेल्या, आणि त्यावर चार ओळी लिहायला सांगितलं की तोंडं कोरी. वाचलेलं कळलंय की नुसतं डोळ्यांखालून गेलंय, हे लिहिल्याशिवाय त्यांचं त्यांनाही समजत नाही.

ओळीवर बोट ठेवून म्हणजे काय, ते दाखवते. माझ्याकडे एक मुलगी होती, विषय मोबाईल आणि किशोरवयीन मुलांची झोप. तिच्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य असं होतं: "अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की मोबाईलच्या अतिवापरामुळे किशोरवयीन मुलांच्या झोपेवर विपरीत परिणाम होतो." पुढे कंसात सहा संदर्भ. वाचायला छान वाटतं. आम्ही ते सहा लेख टेबलावर मांडले. एक निघालं संपादकीय, त्यात स्वतःची काही मोजणीच नव्हती. एक महाविद्यालयीन तरुणांवरचा, म्हणजे वयोगटच वेगळा. उरलेले चार एकदाच प्रश्नावली भरून घेतलेले. मी विचारलं, "'मुळे' हा शब्द तू कुठून आणलास?" ती गप्प. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून मोबाईलमुळे झोप जाते की झोप येत नाही म्हणून पोरं मोबाईल हातात घेतात, हे कळणार कसं? मग 'अतिवापर' कोणी मोजला, किती तासांना 'अति' म्हणायचं, मुलांनी सांगितलेले तास की फोनमध्ये नोंदलेले? एका वाक्यात सव्वा तास गेला. शेवटी तिने लिहिलं: "उपलब्ध सहा लेखांपैकी चारांत मोबाईलचा वापर आणि कमी झोप एकत्र आढळतात; मात्र या चारही पाहण्या एकाच वेळी घेतलेल्या असल्याने आधी काय आणि नंतर काय, हे त्यांतून ठरत नाही."

त्या अर्धविरामानंतर जे आलं, तोच तिच्या डिसर्टेशनचा प्रश्न झाला. तिने त्याच मुलांना काही महिन्यांच्या अंतराने दोनदा गाठलं. म्हणजे लेखन दुरुस्त करता करता संशोधनाचा आराखडाच हाती आला. म्हणून 'संशोधन पद्धती' वेगळी आणि 'लेखनकौशल्य' वेगळं अशी वेळापत्रकात जी फाळणी असते ती मला पटत नाही. 'मुळे' हा शब्द खोडणं ही भाषेची दुरुस्ती की पद्धतीची, तुम्हीच सांगा.

प्रस्तावनेच्या बाबतीत मात्र एक तयार साचा देते, कारण तो उपयोगी पडतो. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून तीन पावलं मांडली. आधी क्षेत्र दाखवा, मग त्यातली मोकळी जागा दाखवा, मग ती जागा तुम्ही कशी भरणार ते सांगा. आपली मुलं पहिल्या पावलावरच तीन पानं खर्च करतात आणि दुसरं पाऊल "या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही" या एका ओळीत उरकतात. झालेलं असतं. शोधलेलं नसतं.

संदर्भांच्या शैलीवर तास घालवू नका. झोटेरो हे संदर्भ साठवून सूची करून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, एका दुपारी येतं, स्वल्पविराम कुठे द्यायचा ते त्याला ठरवू द्या. फक्त त्याने भरलेली माहिती मूळ लेखाशी ताडून बघायला लावा, कारण माझं २११ झोटेरोनेही मुकाट्याने छापलं असतं.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे टक्के हा दुसरा वैताग. ते यंत्र जुळणारे शब्द मोजतं, चोरी मोजत नाही. "टक्के कमी करून आण" असं सांगितलं की मुलं शब्दाला प्रतिशब्द लावत बसतात, वाक्याचा पार चुथडा होतो आणि उचललेली कल्पना तशीच राहते. त्यापेक्षा लेख मिटून ठेवून, न बघता, आपल्या शब्दांत सांगायला लावा. सांगता आलं तर लिहिता येतं.

आणि चॅटबॉट. बंदी घालून काही होत नाही, मी घालून बघितली. पण तो संदर्भ रचून देतो. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र अस्तित्वातच नाही. माझी अट एकच: सूचीतल्या कुठल्याही नोंदीवर मी बोट ठेवलं की तो लेख तिथल्या तिथे उघडायचा आणि त्यातलं कुठलं वाक्य वापरलं ते दाखवायचं. पहिल्यांदा ही परीक्षा घेतली तेव्हा दोन जणांनी आपणहून सूच्या परत मागितल्या.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. माझ्याकडे वर्षाला सहा-सात विद्यार्थी असतात. तुमच्याकडे साठ असतील तर दर आठवड्याला साठ पानं वाचून तुम्ही आजारी पडाल. अशा वेळी जोड्या लावा, एकाने दुसऱ्याच्या पानावर फक्त "हे कशावरून?" असं लिहायचं, आणि तुम्ही आळीपाळीने सात-आठ पानं नीट बघा. प्रयोगशाळेतल्या विषयांत दर आठवड्याला नवीन पान निघणार नाही, तिथे प्रयोगाच्या वहीतली नोंदच नीट लिहून घ्या, पुढे पद्धतीचा विभाग त्यातूनच निघतो. आणि सरांचं अगदीच चूक होतं असंही नाही. न वाचणाऱ्याला आठवड्याचं पान हे नुसतं शब्दांचं दळण होतं. फक्त आधी वाचन आणि मग लेखन अशी रांग लावू नका.

कार्यशाळेचं पत्रक छापून झालं असेल तर ठेवा बापडी. पण प्रवेशाला एक अट घाला, स्वतः लिहिलेलं एक पान सोबत आणायचं. आम्ही घातली होती. ऐंशी नावं आली होती, त्यातले एकवीस जण पान घेऊन आले. दोन्ही दिवस आम्ही तीच एकवीस पानं वाचत होतो आणि शेवटची चार राहूनच गेली. सरांनी अहवालात लिहिलं, "अल्प प्रतिसाद."