2.3 साठी खाल्लेली बोलणी

पत्र: मुलगा ऑक्टोबरपासून जर्मनीत माग्देबुर्गला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. घर तारण ठेवून 18 लाखांचं कर्ज काढलंय. पहिल्या सेमिस्टरला 2.3, 3.7 आणि 5.0 असे गुण मिळाले. 2.3 वरून त्याचे बाबा खूप बोलले. 5.0 चं म्हणाले, निम्मे तरी आहेत. रोज रात्री नऊला आम्ही व्हिडिओ कॉल करतो, ताट दाखवायला सांगतो, खर्चाचा हिशेब घेतो. हल्ली तो 'हो', 'बरं' एवढंच बोलतो. त्याला परत बोलवावं, की जास्त काम करून हप्त्याला हातभार लाव म्हणावं? (एक आई, सांगली)

ताई, तुमच्या पत्रातल्या त्या तीन आकड्यांपाशीच मी थांबलो. जर्मनीत गुण उलटे मोजतात. 1.0 सर्वांत वरचा, 4.0 म्हणजे जेमतेम पास आणि 5.0 म्हणजे नापास. 2.3 ला तिथे 'चांगला' असा शेरा मिळतो. म्हणजे परक्या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात पोराने एक पेपर चांगला काढला आणि त्यावरच बोलणी खाल्ली. ज्यात नापास झाला, त्यात मात्र सुटला. दोन्ही वेळा तो गप्प बसला. "बाबा, उलटं असतं ते," एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. नापास होण्यापेक्षा मला याची फार काळजी वाटते.

त्याने फसवलं, असं मनात आणू नका. 2.3 चा अर्थ सांगितला असता तर 5.0 चाही सांगावा लागला असता, आणि घर तारण आहे हे तो एक दिवसही विसरत नसणार. तुमच्या त्या रोजच्या फोनला मी हजेरी म्हणेन. हिवाळ्यात आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेचार. डिसेंबरात तेव्हा अंधारून आलेलं असतं, पोरं ग्रंथालयात नाहीतर लॅबमध्ये असतात आणि मेन्सातलं, म्हणजे तिथल्या कँटीनमधलं, जेवण कधीच उरकलेलं असतं. साडेचारला तो कुठलं ताट दाखवत होता, याचा विचार करा.

आता तुम्ही म्हणाल, मग एटीकेटीसारखं पुढे काढेल की. इथेच बरेच पालक फसतात. बहुतेक जर्मन विद्यापीठांत एका पेपरला मोजक्याच संधी असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. शेवटचीही हुकली तर प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम तिथल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. शिवाय आपल्यासारखा टर्मवर्क आणि इंटर्नलचा आधार नसतो, अनेक विषयांत सगळे गुण एकाच परीक्षेवर ठरतात. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तिची मुदत कुणी आठवण करून देत नाही. आपल्याकडून गेलेली हुशार मुलंही पहिल्या सेमिस्टरला इथे ठेचकाळतात. एक संधी गेली म्हणून परत बोलवायचं काहीच कारण नाही. पण पुढच्या वेळी अडलं तर त्याला ते घरी सांगता आलं पाहिजे.

जास्त कामाचं तर डोक्यातूनच काढून टाका. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची मुभा आहे, पण या मुलाला आत्ता तास हवेत ते अभ्यासाला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, जे 11,904 युरो ठेवले असतील, त्यातून महिन्याला 992 मिळतात. खोलीभाडं, आरोग्य विमा आणि साधं खाणं त्यात काटकसरीने भागतं. हप्ते कधी सुरू होतात ते बँकेत विचारा. बहुतेक शैक्षणिक कर्जांत शिक्षण संपल्यावरही काही महिन्यांची सवलत असते. कर्जाची चिंता तुमच्या मिस्टरांनी स्वतःकडे ठेवावी. सही मोठ्यांनी केली आहे.

त्याला एवढंच सुचवा की विद्यापीठांशी जोडलेल्या 'श्टुडिएरेनडेनवेर्क' या संस्थेत समुपदेशक असतात, बहुधा विनामूल्य, आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतही बोलता येतं. 5.0 च्या पेपरसाठी वर्गातल्या दोघा-तिघांबरोबर बसून अभ्यास करायला सांगा, त्यात एखादा तिथला मुलगा असेल तर उत्तम.

रोजचा फोन बंद करा. रविवारी बोला, तिथे त्या दिवशी दुकानंही बंद असतात, तो निवांत असेल. हिशेब नको, ताट नको. तुमच्याकडे कोण आलं-गेलं, शेजारी काय चाललंय ते सांगा. आणि या रविवारी पहिल्यांदा मिस्टरांना बोलू द्या. त्यांनी म्हणायचं, "2.3 म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. चांगले गुण आहेत ते." 5.0 चा विषय त्या दिवशी काढू नका. तो स्वतः काढेपर्यंत थांबा.