बेगडी म्हणजे खोटं? कोणी सांगितलं?

प्रश्न आला आहे तो असा: 'रुखवतातले मण्यांचे पोपट, पिस्त्याच्या सालींची फुलं, क्रोशाचा हंस, टीव्हीवर घातलेला विणलेला रुमाल या सगळ्याला हल्ली किच, म्हणजे स्वस्त, भडक कला, म्हणतात. मराठीत "बेगडी कला" म्हटलं तर चालेल का?'

नाही चालणार. विचारणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण 'बेगडी' या शब्दावर गेली कित्येक वर्षं जो अन्याय चालला आहे त्यात ही आणखी एक भर नको. रोज संध्याकाळी वाहिन्यांवर कोणी ना कोणी कोणाच्या तरी देशप्रेमाला बेगडी म्हणतो. अग्रलेखात बेगडी पुरोगामी, भाषणात बेगडी शेतकरीप्रेम. या मंडळींना म्हणायचं असतं दांभिक, ढोंगी, लटकं, दिखाऊ, बनावट, नकली. इतके शब्द दाराशी उभे असताना हात जातो तो बेगडीवर, आणि ज्याने बेगड कधी बोटांत धरला नाही त्याचाच जातो.

बेगड म्हणजे कथलाचा ठोकून पातळ केलेला, रंगवलेला पत्रा. कथलावर पिवळसर रोगण चढवलं की सोन्यासारखी झाक येते. लाल, हिरवा, जांभळा असे रंगही असत. कात्रीने कापायचा, खळीने चिकटवायचा. बाशिंगं, नाटकातले मुगुट, ताबूत, गणपतीची मखरं सगळी त्यानेच झळाळायची. आता बाजारात मिळतो तो बहुतेक चमकीचा कागद किंवा प्लॅस्टिकची पन्नी. वर्ख वेगळा, तो खाता येतो. जर वेगळी, ती तार. टिकली वेगळी. हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यांनी एकदा संक्रांतीच्या आधी हलव्याचे दागिने करणाऱ्या बाईंच्या शेजारी बसावं.

त्या दागिन्यांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. मंद आचेवर परात, परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा. त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडत बोटांनी हलवत राहायचं. दाण्यावर काटा फुटेपर्यंत हे तासन्‌तास चालतं. मग तो काटेरी हलवा दोऱ्यात गुंफायचा, मधे मधे सोनेरी बेगडाची पानं आणि पदकं लावायची. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, लहान मुलासाठी मुगुट आणि बासरी. नव्या सुनेने काळ्या साडीवर ते घालायचे, बोरन्हाणाला बाळाने घालायचे. साखर पांढरी, साडी काळी, मधे बेगडाचा पिवळा. मला मराठी घरातली याहून देखणी वस्तू माहीत नाही. आणि हे सोनं आहे असं तिथे कोणीही कोणाला सांगत नसतं. फसवणूक नाही तिथे खोटेपणा कुठून आला?

आता व्युत्पत्ती. आधी एक केर काढून टाकतो. 'बे' हा फारसी उपसर्ग, बेइमान, बेशरम यांच्यासारखा, म्हणून बेगडी, असं विश्लेषण मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकलं आहे. मग 'गडी' म्हणजे काय? सोबती? बेगडी म्हणजे मित्र नसलेला? अक्षरं सारखी दिसली की नातं जोडायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

दुसरा पक्ष अधिक गंभीर आहे. तो म्हणतो, शब्द कानडी, विषय संपला. कानडीत बेगडे आहे, तेलुगूत बेगड आहे आणि तिथे तो अभ्रकालाही लागतो, हे खरंच. अभ्रकही चमकणारं, पापुद्र्याचं आणि सजावटीत वापरलं जाणारं. पण शब्द शेजारच्या घरी सापडला म्हणून तो तिथेच जन्मला असं कसं म्हणता? कोशात शब्दापुढे कंसात 'का.', म्हणजे कानडी, लिहून मोकळं होण्याची ही सवय आळसाची आहे, आणि मराठीतल्या किती तरी शब्दांची चौकशी तिने अर्धवट सोडली आहे.

हिंदीत बेगड़ी हा शब्द आहे. अर्थ काय? हिरे कापणारा, नगीने घडवणारा कारागीर! आणि संस्कृत कोशांत वैकटिक म्हणजे मणिकार, रत्नं घडवणारा. दोन्ही शेजारी ठेवा. तैलचं तेल होतं तसा ऐचा ए. मुकुटचा मुगुट, प्रकटचं प्रगट होतं तसा कचा ग. घोटकचा घोडा, कटुचं कडू होतं तसा टचा ड. वैकटिक, वेगडिअ, वेगडी, बेगडी. एकही पायरी ओढूनताणून आणलेली नाही. राहिला वचा ब. मराठी व सांभाळते: आपलं वीस, हिंदीचं बीस, आपली वाट, तिची बाट. म्हणजे शब्द मराठीत थेट उतरलेला नसून व-चा ब करणाऱ्या भाषेतून आला. हिंदी तशी आहेच, पण कानडीही तशीच: तमिळमधलं विल्, म्हणजे धनुष्य, कानडीत बिल्लु होतं, वेळ्ळि म्हणजे चांदी बेळ्ळि होते. तेव्हा कानडीवाल्यांचं म्हणणं अर्धं मान्य. वाट कानडीची असेल, घर मात्र जवाहिऱ्याचं.

रत्नकाराचा आणि पत्र्याचा संबंध काय, असं विचाराल. सगळी गंमत तिथेच आहे. बंद कोंदणात खडा बसवताना त्याच्या खाली धातूचा पातळ चकचकीत पत्रा घालतात. हिंदीत त्याला डाँक म्हणतात. वरून आलेला प्रकाश खड्यातून खाली जातो, पत्र्यावर आपटून परत फिरतो, आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. कुंदनकामातलं तेज निम्मं या पत्र्याचं. माझं मत असं की बेगड हे नाव आधी या पत्र्याचं असलं पाहिजे. तेलवाला तेली, तर बेगडीचं सामान बेगड. ई काढून वस्तूचं नाव पाडलं गेलं. मग तो पत्रा रत्नाखालून निघून बाशिंगावर आला, मखरावर आला, आणि ज्यांच्या घरी रत्न नव्हतं त्यांच्या लग्नात त्याने एकट्याने ते काम केलं. हे कोशांत असंच्या असं छापलेलं नाही म्हणून नाकारणाऱ्यांनी ध्वनी आणि अर्थ दोन्ही सांभाळणारी दुसरी व्युत्पत्ती दाखवावी. मी वाट बघतो आहे.

या दृष्टीने रविवर्म्याच्या तसबिरी बघा. 1894 मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचली, आणि पुष्कळ घरांत तिच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या गेल्या. कलासमीक्षक यावर नाक मुरडतात. मला मात्र अशा तसबिरीसमोरून हलवत नाही. एका छापाच्या हजारो लक्ष्म्यांतली एक कोणीतरी आपल्या हातांनी आपली करून घेतली, याहून मोठा मान चित्राला काय द्यायचा असतो?

किच हा शब्द जर्मन, एकोणिसाव्या शतकातल्या म्युनिकच्या चित्रबाजारातला, स्वस्त खपाऊ चित्रांसाठीचा. 1939 मध्ये अमेरिकी समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गने त्यावर जो हल्ला चढवला तो मुख्यतः यंत्रयुगाने घाऊक पुरवलेल्या तयार भावनेवर. मग आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी त्यात कशी बसेल? ती कोणाच्या तरी मावशीने दुपारच्या दुपार बसून केलेली असते. रुखवत हा मुळात नवऱ्या मुलासाठी नेलेल्या खाद्यपदार्थांचा शब्द. त्याच्या भोवती ही हस्तकला मांडली जाऊ लागली आणि आता लोक तिलाच रुखवत म्हणतात. तिथे साच्यातून काढलेली वस्तू ठेवली तर बायका लगेच ओळखतात आणि बोलूनही दाखवतात.

तेव्हा कारखान्यातून आलेल्या, दिव्यांची उघडझाप करणाऱ्या प्लॅस्टिकच्या ताजमहालाला खुशाल किच म्हणा, शब्द देवनागरीत छान बसतो. हाताने केलेल्याला रुखवतकाम म्हणा, आरास म्हणा. आरास फारसीतून आली आहे, शुद्धिवाद्यांनी रागवायचं असेल तर रागवावं. आणि ज्यात खरोखर बेगड वापरला आहे, त्यालाच बेगडी म्हणा.