कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असताना पक्षाघात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 61) दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. मेंदूत रक्तस्राव झालेला नसून गुठळीमुळे रक्तपुरवठा थांबला, असे एमआरआयमध्ये दिसले आणि मानेच्या डॉप्लर तपासणीत डावी कॅरोटिड धमनी अरुंद झालेली आढळली. त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल 196, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 34, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) 220 आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 118 आहे. लॅबच्या अहवालात एलडीएल मर्यादेत दाखवले आहे, तरीही अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी कायम घ्यायला सांगितले आहे. यकृत बिघडेल या भीतीने वडील ती गोळी बंद करायची म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी एक दिवसही बंद करू नका.

अहवालावर छापलेली मर्यादा सर्वसाधारण निरोगी माणसासाठी असते. ज्यांच्या धमनीत चरबीचा थर साचून एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी एलडीएल 70 च्या खाली ठेवावे, अशी अमेरिकेतील 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फ्रान्स आणि दक्षिण कोरियातील अशाच 2860 रुग्णांच्या अभ्यासात एका गटाचे एलडीएल 70 च्या खाली, तर दुसऱ्याचे 90 ते 110 च्या दरम्यान ठेवण्याचे लक्ष्य होते. पहिल्या गटात पुन्हा झटका येण्यासारख्या गंभीर घटना 8.5 टक्के रुग्णांत घडल्या, तर दुसऱ्या गटात 10.9 टक्के. म्हणजे 118 हा आकडा तुमच्या वडिलांसाठी मर्यादेतला नाही.

शिवाय तो बहुधा प्रत्यक्ष मोजलेलाही नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून अनेक लॅब एलडीएल काढतात. 196 मधून 34 आणि 44 वजा करा, नेमके 118 उरतात. ट्रायग्लिसराइड वाढलेले असले की या हिशेबात एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. म्हणून मी अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून पाहतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते 162 येते आणि धमनीत थर साचवणाऱ्या सगळ्याच कणांतले कोलेस्टेरॉल त्यात मोजले जाते. एचडीएल 34 असणे हेही धोक्याचेच लक्षण आहे. मात्र औषधाने ते वाढवून झटके टळल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे उपचाराचा सारा भर एलडीएल उतरवण्यावर असतो.

कोलेस्टेरॉलचा संबंध सर्व प्रकारच्या पक्षाघातांशी सारखा नसतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे तिथे गुठळी होऊन ती मेंदूत गेली असेल, तर लिपिडचे (रक्तातील चरबीचे) आकडे फारसे काही सांगत नाहीत. मोठ्या धमनीत थर साचून झालेल्या झटक्यात मात्र हा संबंध सर्वांत घट्ट असतो आणि वडिलांचा डॉप्लर अहवाल त्याकडेच बोट दाखवतो. अर्थात रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे, तेव्हा तो नियमित मोजत राहा.

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसणारी लिपोप्रोटीन(ए) या एलडीएलसारख्याच कणाची तपासणी एकदा करून घ्या. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते, भारतीय उपखंडातील लोकांत ती बऱ्याचदा जास्त असते आणि पथ्याने ती फारशी हलत नाही. वडिलांची पातळी 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आली, तर तुम्हा भावंडांनीही ही तपासणी करावी.

यकृताची भीती स्वाभाविक आहे, पण या गोळीने यकृताला गंभीर इजा होणे फार दुर्मीळ आहे. अंग विनाकारण दुखू लागले, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू होऊन दोन महिने होत आले असतील, तर लिपिड आणि यकृताची तपासणी आता पुन्हा करायला हरकत नाही. एलडीएल अजूनही 70 च्या वर असेल, तर डोस वाढवायचा की एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड द्यायची, हे डॉक्टर त्या अहवालावरून ठरवतील.