फासात भलतंच जनावर अडकू नये म्हणून काय करावं?
रानमांजरासाठी लावलेल्या फासात हरीण, कुत्रा अडकू नये, हा तुमचा प्रश्न. फास लावायचा परवाना नसेल तर विषयच संपला. असेल तर फासाच्या तारेवर अडणी, म्हणजे छोटासा अडथळा, बसवा. मग फास ठरावीक मापाखाली आवळत नाही आणि हरणाचा पाय निसटतो. जोडीला जोराच्या ओढीने उघडणारा हुक घाला. दांडगं जनावर हिसका देऊन मोकळं होतं. आमिषाचं मांस उघडं टांगू नका, घारी वरून हेरतात. कुत्रा-कोल्हा वासामागे येतो, मांजर मात्र नजरेची शिकारी. वाऱ्यावर हलणारं काहीतरी तिला पुरतं. तरी माझं मत विचाराल तर पिंजराच लावा. चुकून शिरलेलं जनावर दार उघडून सोडून देता येतं. फक्त रोज सकाळी उठून बघायला जायचा कंटाळा नको.